विषय: मंडळाचा डीव्हीडी रेकॉर्डर – दुरुस्ती की भंगार?

प्रेषक: सचिव
मंडळी, कपाटातला रेकॉर्डर पुन्हा रुसला आहे. नुसतं ‘लोडिंग’ दाखवतो, ट्रे बाहेर येत नाही आणि आत एकांकिकांची तिसरी डिस्क अडकली आहे. शनिवारी तीच दाखवायची आहे. दुरुस्त करायचा की टाकायचा, गुरुवारपर्यंत कळवा. मागच्यासारखं कुणी परस्पर उघडू नये.

प्रेषक: खजिनदार
टाका. कारागीर नुसता तपासायला जेवढे घेतो तेवढ्यात नवा प्लेअर येतो. मागच्या दुरुस्तीची पावतीही अजून माझ्याकडे आलेली नाही.

प्रेषक: बापू
‘परस्पर’ कुणाला उद्देशून होतं ते कळलं. तेव्हा उघडला म्हणून पुढे तीन वर्षं चालला, एवढंच म्हणतो. पावती नाही, कारण पट्टा माझ्या जुन्या टेपरेकॉर्डरचा होता.

खजिनदारसाहेब, साधा प्लेअर असता तर मीच टाका म्हटलं असतं. लेन्स पुसून किंवा ट्रेचा रबरी पट्टा बदलून चालला तर ठीक, पिकअप, म्हणजे डिस्क वाचणारा लेसर-लेन्सचा भाग, गेला असेल तर त्यात वेळ घालवू नये. पण हा रेकॉर्डर आहे, आणि आपला सगळा माल याच्या पोटात आहे. त्या डिस्का फायनलाइज केल्या होत्या का, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर चालाव्यात म्हणून शेवटी बंद केल्या होत्या का? नसतील तर तुमचा नवा प्लेअर त्या बहुधा वाचणार नाही.

प्रेषक: माई
बापू, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमचा प्लेअर गाण्यांच्या सीडी छान वाजवतो, पण डीव्हीडी घातली की ‘नो डिस्क’. यांनी ती लेन्स पुसायची ब्रशवाली डिस्क दोनदा फिरवली, काही फरक नाही. हे म्हणतात रिमोटमध्येच काहीतरी आहे.

प्रेषक: बापू
माई, रिमोटचा काय संबंध! सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५०चा. एकाच पिकअपमध्ये दोन वेगळे डायोड असतात, त्यातला एक थकला की असं होतं. त्याआधी धुळीची शंका फेडून घ्या. डीव्हीडीचे ट्रॅक ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर, सीडीचे १.६ वर, म्हणून लेन्स मळली की आधी डीव्हीडी अडते. कापसाची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, हलका हात. ब्रशवाली डिस्क नको. तरीही चालला नाही तर गाण्यांसाठी ठेवा, दुरुस्तीच्या फंदात पडू नका.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था
रेकॉर्डरसाठी एवढा जीव का टाकताय? फायनलाइज न केलेली डिस्क संगणकाच्या ड्राइव्हमध्ये आयसोबस्टर नावाच्या प्रोग्रॅमने बरेचदा वाचता येते. झाकण उघडून ट्रेचं चाक हाताने फिरवा, डिस्क काढा, माझ्याकडे द्या. रेकॉर्डरच्या आतली हार्डडिस्कही काढून संगणकाला जोडू.

प्रेषक: बापू
डिस्कचं मान्य. हार्डडिस्कला हात लावू नका. या यंत्रांची फाइल-व्यवस्था स्वतःची असते. संगणकाला ती ओळखता येत नाही, मग तो ‘फॉरमॅट करू का?’ विचारतो, आणि आपल्याकडे ‘हो’ दाबणाऱ्यांची कमी नाही. पाचवी आणि सहावी एकांकिका फक्त तिथेच आहे.

सचिव, एक सांगा. चालू व्हायला वेळ लावतो का? पुढच्या पट्टीवरचे आकडे फिके दिसतात का?

प्रेषक: सचिव
हो. दोन महिन्यांपासून दहा-दहा मिनिटं घेतो. मला वाटलं, वय झालं.

प्रेषक: बापू
वय त्याचं नाही, कपॅसिटरचं, म्हणजे आतल्या वीज साठवणाऱ्या डब्यांचं. वीजपुरवठ्याच्या बोर्डावर एक-दोन डोकं फुगवून बसलेले असणार. तेवढ्याच क्षमतेचे (मायक्रोफॅरड), व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ अंश तापमान सोसणारे, कमी ईएसआरवाले, म्हणजे आतला रोध कमी असलेले, आणायचे. तासाभराचं काम. फक्त प्लग काढल्या काढल्या कुणी आत बोटं घालू नका, मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट उरलेले असू शकतात.

कायमचा बरा करायचा नाही. एकदा उठवायचा, हार्डडिस्कवरचं कोऱ्या डिस्कांवर उतरवायचं, फायनलाइज करायचं, संगणकावर प्रती घ्यायच्या. मग खजिनदारांनी खुशाल भंगारात द्यावा.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था
लेसर थकला असेल तर लिहिणार कसा? वाचण्यापेक्षा लिहायला ताकद जास्त लागते.

प्रेषक: बापू
मग मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींतून हार्डडिस्कवरचं चालवायचं आणि तुमच्या संगणकावर टिपून घ्यायचं. जेवढ्या लांबीचं तेवढाच वेळ लागेल, पण लेसरशी गाठ नाही. हे बरं सुचवलंत.

रिमोट मात्र लागेल. हार्डडिस्कची यादी आणि फायनलाइजचा मेनू, दोन्ही रिमोटवरच. पुढच्या पट्टीवर चार बटणं आहेत, त्यांनी काही होत नाही. कुठे आहे तो?

प्रेषक: सचिव
साहित्य समितीकडे.

प्रेषक: साहित्य समिती
आमच्याकडे आलेल्या यादीत ‘रेकॉर्डर १, वायरी ३’ एवढंच आहे. रिमोटचा उल्लेख नाही. यादीवर सचिवांचीच सही आहे.

प्रेषक: सचिव
सही मागच्या सचिवांची आहे.

प्रेषक: खजिनदार
सगळ्या यंत्रांना चालणारा रिमोट मिळतो.

प्रेषक: बापू
त्यावर ‘फायनलाइज’पर्यंत नेणारं बटण असतंच असं नाही. मूळचा शोधा.

प्रेषक: माई
करडा, मागे चिकटपट्टी लावलेला? तो आमच्याकडे आहे. कार्यक्रम संपल्यावर आमच्या पिशवीत आला. इतके महिने हे तोच दाबत बसलेत, आणि आमचा प्लेअर ऐकत नाही म्हणून चिडताहेत.

प्रेषक: सचिव
माई, तो आता कुणाच्याही हातात देऊ नका. बापू, बुधवारी संध्याकाळी या, या वेळी माझ्यासमोर उघडा. कपॅसिटर आणि रिमोटचे दोन सेल घेऊन या.

प्रेषक: खजिनदार
दोन्हींची पावती.