मदत हवी आहे: विलो स्मिथच्या पॉप-पंक अल्बमनंतर काय ऐकू?

अमेरिकन गायिका विलो स्मिथचा २०२१चा ‘लेटली आय फील एव्हरीथिंग’ हा अल्बम ऐकल्यापासून दुसरं काही लावावंसंच वाटत नाहीये. आधी आर अँड बी (सोलच्या वळणाचं, तालावर चालणारं पॉप) गाणारी ही मुलगी ऐन विशीत पॉप-पंककडे (वेगवान गिटार आणि सोप्या, गुणगुणता येणाऱ्या चालींचं रॉक) वळली आणि आवाज काय मोकळा सुटलाय! ‘ट्रान्सपरंट सोल’मध्ये ब्लिंक-१८२ या पॉप-पंक बँडच्या ट्रॅव्हिस बार्करचे ड्रम्स आहेत, ‘ग्रो’मध्ये तर ॲव्हरिल लव्हीन सोबत गाते. (आई जेडा पिंकेट स्मिथ ‘विकेड विस्डम’ या मेटल बँडची गायिका होती, म्हणजे हे घरातच होतं.)

मला हा प्रकार मुळापासून ऐकायचाय. ब्लिंक-१८२ आणि ग्रीन डे हे नेहमीचे बँड सोडून सुरुवात कुठून करू? गायिकांचे अल्बम असतील तर ते आधी सांगा. आणि असा बाज बदलून खरंच जमलेले अजून कोणाचे अल्बम आहेत?