मारुती ८०० चं इंजिन उघडलंय, नेमकं काय काय बदलू?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. १९९८ ची कार्बोरेटरवाली मारुती ८००, वडिलांनी नवी घेतलेली, रनिंग १ लाख ४२ हजार. वर्षभर हजार किमीला जवळजवळ लिटरभर ऑइल खातीये आणि कुंभार्ली घाट चढताना मागे निळा धूर इतका की मागचा गाडीवाला हॉर्न मारून पुढे जातो. कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते) बघितलं तर पहिला सिलिंडर १६०, दुसरा १५५ आणि तिसरा १०५ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑइल घालून परत बघितलं तर १४० वर गेलं.
आता हेड (इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग) खाली काढलंय. एक मिस्त्री म्हणतो पिस्टन, रिंगा, बेअरिंग, वॉल्व्ह, ऑइल पंप सगळं नवीन टाका, डोक्याला ताप नको. दुसरा म्हणतो नुसत्या रिंगा टाकू आणि हेडचं काम करू, दोन दिवसात गाडी देतो. बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या भोकाच्या) वरच्या कडेला बोट फिरवलं की नख अडकतंय. पैसे लावायला तयार आहे, गाडी विकायची नाहीये, पण उगाच चांगला पार्ट काढून फेकायचा पण नाहीये. काय करू?

सांगलीवाला:
भावा नख अडकतंय ना, मग नुसत्या रिंगा अजिबात टाकू नकोस. मी हेच केलं होतं, माझी पण ८०० च. रिंगा घासून घासून वर जी कड तयार होते ना, त्याच्यावर नव्या रिंगेची धारदार कड जाऊन आपटते. माझ्या गाडीला आधी टकटक आवाज यायला लागला, चार महिन्यांनी परत उघडलं तर वरची रिंग दोन तुकडे होऊन पिस्टनच्या खाचेत बसलेली आणि खाच पण खाल्लेली. मजुरी दोनदा गेली आणि पिस्टन घ्यावेच लागले.

लेथ_उद्यमनगर:
कोल्हापुरात बोअरिंगचं काम करतो, बावीस वर्षं झाली. तुम्ही ऑइल घालून परत कम्प्रेशन बघितलं हे फार बरं केलं. ऑइलने आकडा वर गेला म्हणजे गळती रिंगा आणि बोअरकडूनच आहे, वॉल्व्ह किंवा गॅस्केटकडून असती तर आकडा फारसा हलला नसता. १४० वरच थांबला म्हणजे वॉल्व्हचं पण थोडं असू शकतं, ते पुढे बघू.
आधी एकही पार्ट विकत घेऊ नका. ब्लॉक उघडा करून बोअर गेजने मोजून घ्या, वर मधे खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन बाजूंनी, एकदा क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) रेषेत आणि एकदा आडवं. ह्या इंजिनाचा स्टँडर्ड बोअर ६८.५ मिमी. झीज सगळ्यात जास्त वरच्या रिंगेच्या जागी आणि आडव्या दिशेला सापडते कारण पिस्टन तिकडेच दाबला जातो. झीज मापाबाहेर गेली असेल तर बोअर करून, म्हणजे भोक थोडं मोठं करून, ओव्हरसाइझ पिस्टन, दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे ०.२५ मिमी किंवा वीस थाऊ म्हणजे ०.५० मिमी. आणि तिसरा एकटा खराब निघाला तरी तिन्ही एकाच साइझचे करा. पिस्टन लेथवाल्याच्या हातात दिल्याशिवाय बोअर करू देऊ नका, एका सेटमधले तीन पिस्टन पण मोजले की थोडे पुढेमागे निघतात, त्यामुळे ज्या सिलिंडरला जो पिस्टन त्याच्यावर नंबर टाकून त्याच मापाने हॉनिंग (भिंतीची शेवटची बारीक घासाई) करायचं.
क्रँकचं मात्र उलटं. मायक्रोमीटरने मोजा, जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) गोल असेल आणि नख अडकत नसेल तर नुसतं पॉलिश करून स्टँडर्ड बेअरिंग नवीन टाका. बरेच जण "उघडलंय तर ग्राइंड करून घेऊ" म्हणतात, मी ग्राहकाला नाही म्हणून सांगतो. जुनी बेअरिंग फेकण्याआधी उजेडात धरून बघा, एकाच कडेला जास्त घासलेली असली तर रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) वाकलेला असू शकतो, तो तपासून घ्या. आणि रॉडच्या कॅप एकमेकांत मिसळू देऊ नका, मिसळल्या तर चांगले रॉड वाया जातात.

घाटवाट:
हेडचं मी सांगतो, कारण तिथे लोक वॉल्व्ह सरसकट बदलतात. हेड उलटं ठेवा, प्लग लावलेले असूदेत, तिन्ही चेंबरमध्ये पेट्रोल ओता आणि दहा मिनिटं पोर्टमध्ये बघत बसा. जिथून पाझरेल तो वॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने लॅप करा, म्हणजे त्याच्या जागेवर घासून बसवा, परत ओतून बघा. वॉल्व्हचा दांडा गाइडमध्ये (तो ज्या नळीत सरकतो तिच्यात) डुगडुगत असेल तरच गाइडला हात लावा. वॉल्व्ह सील मात्र न बघता नवीन, ती रबराची असतात आणि इतक्या वर्षांत दगड होतात. हेड ॲल्युमिनियमचं आहे, सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून वाकलंय का बघा, गाडी कधी तापली असेल तर नक्कीच बघा.
आणि एक विचारतो, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आहे का जागेवर?

कृष्णाकाठ:
@घाटवाट आत्ताच हाऊसिंग उघडून बघितलं, आत काहीच नाहीये. वडील म्हणतात खूप वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गाडी तापली तेव्हा कुणीतरी काढून टाकला होता.

घाटवाट:
मग झीज कुठून आली त्याचा एक धागा हा आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरमच व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत चोक ओढलेला, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून खाली जातं आणि रिंगा कोरड्या घासतात. गावातल्या गावात दोन-तीन किमी फिरणाऱ्या गाडीचे तर फार हाल होतात. नवीन थर्मोस्टॅट टाकाच, आणि तापण्याचं मूळ कारण रेडिएटर असेल तर तो रॉडिंग करून, म्हणजे नळ्या आतून साफ करून घ्या, नाहीतर नवीन इंजिन परत त्याच वाटेने जाईल.

लेथ_उद्यमनगर:
घाटवाट दादांचं बरोबर. ऑइल पंपाबद्दल राहिलं, तो उघडून आतल्या गिअरचं क्लिअरन्स फीलरने बघा आणि प्लेटवर खोल ओरखडे नसतील तर तोच ठेवा, स्वस्तातल्या नव्या पंपापेक्षा मापात असलेला कंपनीचा जुना पंप मी कधीही पसंत करेन. सक्शनची जाळी मात्र काढून घासलेटने धुवा.

कृष्णाकाठ:
काल माप घेतली, स्वतः गेजजवळ उभा राहून लिहून घेतली. पहिला वर ६८.५८, दुसरा ६८.५७, तिसरा ६८.६६ आणि तिसऱ्यात खाली ६८.५३. क्रँक मापात आहे. दोन वॉल्व्ह पाझरत होते, लॅप केल्यावर थांबले. तर दहा थाऊ पिस्टन आणि रिंगा, स्टँडर्ड बेअरिंग, सगळी सील, गॅस्केट सेट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट असं ठरलंय. वॉल्व्ह, गाइड, ऑइल पंप, रॉड जुनेच राहतील. पिस्टन आले की सोमवारी ब्लॉक घेऊन उद्यमनगरला येतो, वडील पण येतो म्हणतायत.