सदरे करडे का येतात

वारीच्या फोटोंत वारकऱ्यांचे पांढरे सदरे मळकट दिसतात, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवूनही फरक पडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ॲपर्चर प्रायॉरिटी मोडवर, म्हणजे भिंगाचं छिद्र तुम्ही ठरवता आणि शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो तेव्हा, तो पडणारच नाही. आयएसओ १०० चा २०० केलात की कॅमेरा शटर १/२५० सेकंदावरून १/५०० वर नेतो, म्हणजे प्रकाश निम्माच आत येतो. उजळपणा जिथल्या तिथे.

खरी गोम कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरची आहे. समोर सदरा आहे की घोंगडी, हे त्याला कळत नाही. तो सगळ्याची सरासरी मध्यम करड्यावर आणू बघतो. फ्रेमभर पांढरं असेल तर ते करडं होतं. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मीटरच्या हिशोबापेक्षा उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +१ करा. काळ्या घोंगडीचा क्लोजअप असेल तर उलट, -१.

दिवे घाटात मी एकाच आजोबांचे तीन फोटो काढले होते. शून्यावर सदरा राखेसारखा, +१ वर पांढरा आणि बाहीवरची चुणी न् चुणी स्पष्ट, +२ वर मात्र चुण्या गायब, नुसतं कोरं कापड. असं पूर्ण उडालेलं पांढरं रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधूनही) परत येत नाही. म्हणून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळपणाचा आलेख) उजव्या कडेला जाऊन आदळतोय का, तेवढं बघत जा. आणि काम झालं की कॉम्पेन्सेशन आठवणीने शून्यावर आणा, बरेच कॅमेरे बंद केल्यावरही ते तसंच ठेवतात.