'दगडी हत्यार' की 'दगडी अवजार'?

माळवद: शाळकरी मुलांसाठी आदिमानवावरची पुस्तिका मराठीत करते आहे. जॉर्जियातल्या द्मानिसीच्या पानावर अडलंय. तिथे सुमारे १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीच्या पाच मानवी कवट्या आणि दगडी वस्तू मिळाल्या. मी सरळ 'दगडी हत्यारे' लिहिलं. संपादकबाईंनी सगळीकडे 'अवजारे' केलं, कारण म्हणे हत्यार हत्येसाठी असतं. पटतं का? शिवाय दगडावर दगड आपटून उडवलेल्या धारदार तुकड्याला 'छिलका' लिहू ना?

सुतारपक्षी: बाईंना खंडेनवमीला सुताराच्या दारात उभं करा. आमचे आजोबा पटाशी, वाकस, रंधा, करवत धुऊनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे. शेजारी विचारायचे, "हत्यारं पुजली का?" त्या पटाशीनं कुणाचा मुडदा पडला? अवजारं शेतकऱ्याची. नांगर, कुळव, पाभर.

तत्सम: 'हत्या' डोळ्यांसमोर दिसत असताना वाद कसला? अवजार फारसी, तेही नको. 'अश्म-उपकरण' लिहा, शुद्ध आणि निरुपद्रवी.

नदीकाठ: तत्समराव, हिंदीत 'हथियार' आहे, हथेली-हथौड्याच्या पंगतीतला. हस्तातल्या 'स्त'चा 'थ' होतो. 'त्य'चा होतो 'च्च': सत्याचं सच्च, मग साच. 'हत्ये'तून थ कुठून आणणार? हत्यार म्हणजे हातातलं. आणि उपकरण म्हटलं की मला मिक्सर दिसतो.

तत्सम: असेल. मराठी कानाला तरी हत्याच ऐकू येते.

सुतारपक्षी: व्युत्पत्ती अंगाशी आली की कान आठवला!

काळाकातळ: बाईंचं कारण चुकीचं, पण शंका अगदीच टाकाऊ नाही. 'हत्यार' वाचलं की पोरं लगेच भाले घेऊन मॅमथमागे धावणारी टोळी रंगवतात. द्मानिसीत भाले नाहीत, हातकुऱ्हाडी, म्हणजे दोन्ही बाजूंनी घडवलेले, मुठीत धरायचे दगड, तेही नाहीत. नदीतले गोटे, त्यांचे उडवलेले तुकडे आणि जनावरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा, एवढंच. शिकार यांची की तिथल्या सुळेदाती मार्जारांचं उष्टं, यावर अजून वाद आहेत. खरी गंमत वेगळीच आहे. मोठा मेंदू आणि सुबक हातकुऱ्हाड आल्यावरच माणूस आफ्रिकेबाहेर पडला असावा, असं पूर्वी अनेकांना वाटे. इथली सर्वांत लहान कवटी ५४६ घन सेंटिमीटरची! आपला मेंदू साधारण १३५०. एवढ्या भांडवलावर मंडळी कॉकेशसपर्यंत पोचली. पानाचा मथळा त्यावर करा.

आणि त्यांतल्या एकाचा एक सोडून सगळे दात मरणाच्या बऱ्याच आधी पडलेले, जबड्याचं हाड झिजून गेलेलं. तरी तो जगला. ठेचून मऊ केलेलं खात असेल, तर त्याचा दगड हत्यार की बत्ता?

माळवद: वा! पण छिलक्याचं राहिलं.

काळाकातळ: पुस्तकांत रुळलाय, मला मात्र खटकतो. टांझानियातल्या ओल्डुवाईचे फोडलेले गोटे म्हणजेच हत्यार आणि बाजूचे तुकडे कचरा, असा समज होता. १९८० च्या दशकात निकोलस टॉथ यांनी स्वतः दगड फोडून, वापरून दाखवलं की बरेचदा हवा असायचा तो तुकडाच. गोटा उरलेला गाभा. आणि आपण नाव देतो छिलका, म्हणजे सालपट!

नदीकाठ: 'टवका' का नको?

सुतारपक्षी: टवका कपबशीचा उडतो. मुद्दाम काढली तर ती कपची. कुठल्याही पाथरवटाला विचारा.

तत्सम: 'अश्मशल्क'.

सुतारपक्षी: हे मुलांसाठी आहे हो.

नदीकाठ: नेवाशाच्या प्रवरेकाठच्या हत्यारांच्या वर्णनात हातकुऱ्हाडीसोबत 'फरशी' वाचली होती. परशूवरून आलेली, रुंद आडव्या धारेची. मुलांना काय कळणार? शहाबादी डोळ्यांपुढे येईल.

काळाकातळ: शब्द जुना आहे, गैरसमज नवा. फरशी कुऱ्हाड म्हणतातच की.

सुतारपक्षी: कुऱ्हाड जोडलीत तर कळेल. नुसती फरशी म्हटलीत तर आमच्याकडे पोरं पुसायला घेतील.

माळवद: अहो, द्मानिसीत फरशी नाहीच आहे! उद्या पान पाठवायचंय. कपची की छिलका?

तत्सम: परशू आणि फरशी एकच, हे आधी सिद्ध करा.