मर रोगाला तोंड देणारे आणि तरीही गोड कलिंगड शेतावर तयार करता येईल का?

प्रश्न:
नदीकाठच्या आमच्या रानात कलिंगडाला दरवर्षी मर (मातीतील बुरशीने वेल वाळवणारा रोग) लागते. आधी एखादा वेल भर दुपारी मान टाकतो, खोड चिरले तर आतील नळ्या तपकिरी दिसतात आणि फळ मुठीएवढे होते न होते तोच वेल बसतो. बांधावरचे इंद्रावण (कडू फळांचा रानवेल) मात्र हिरवेगार असते. त्याचा आमच्या गोड वाणाशी संकर केल्यास रोग न येणारे, वजनदार फळ मिळेल का?

उत्तर १:
बांधावर वेल तगला म्हणून तो प्रतिकारक ठरत नाही. मर लागलेल्या मातीतच त्याची परीक्षा घ्यावी लागेल. शिवाय इंद्रावण कलिंगडाच्या दूरच्या भावकीतले आहे, त्यामुळे संकर झाला तरी पुढे परागकणांची जननक्षमता घटते. अमेरिकेत वनस्पती-रोगतज्ज्ञ विल्यम ऑर्टन यांनी 'ईडन' हा खाण्याचा वाण आणि सिट्रन हे अखाद्य कलिंगड यांच्या संकरातून १९११ मध्ये 'काँकरर' हा मर-प्रतिकारक वाण दिला, परंतु फळाची प्रत हलकी असल्याने तो बाजारात चालला नाही. प्रतिकार आणि चांगले फळ यांचा मेळ साधणारा 'चार्ल्स्टन ग्रे' पैदासकार सी. एफ. अँड्रस यांच्याकडून १९५४ मध्ये आला, आणि त्यात करप्याचाही (पाने-फळांवर डाग पाडणाऱ्या बुरशीजन्य रोगाचा) प्रतिकार होता. इतका काळ जाण्याचे कारण असे की कडवटपणा आणि पांढरा गर हे प्रभावी गुण असल्याने ते पहिल्याच पिढीत उतरतात, तर गोडी अनेक जनुकांवर अवलंबून असते. म्हणून गोड जनकाशी पुन्हा पुन्हा संकर करत प्रत्येक पिढी रोगट मातीत पारखावी लागते.

उत्तर २:
माझ्या मते शेतकऱ्याने रानटी जनकाच्या वाटेला जाऊ नये; सरळ (संकरित नसलेल्या) वाणातून निवड करावी. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का माणिक' भुरी, केवडा आणि करपा हे रोग सहन करतो, पण तेवढ्यावरून तो मरही सहन करेल असे धरू नये. शेवटपर्यंत उभ्या राहिलेल्या वेलाची मादी कळी आदल्या संध्याकाळी कागदी पिशवीने झाकावी, सकाळी त्याच वेलाच्या, तशाच झाकून ठेवलेल्या नर फुलाचे पराग तिला लावावेत आणि देठाला दोरा बांधावा. कलिंगडात स्वपरागीकरणाने जोम फारसा घटत नाही, ही मोठीच सोय आहे. बी धरताना केवळ सर्वांत मोठे फळ पाहू नये. गोडी रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी आणि साल वाहतुकीत टिकते का, हेही तपासावे.

उत्तर ३:
निवड फळाला येईपर्यंत दुधी भोपळ्याच्या खुंटावर (मुळाकडच्या रोपावर) कलम केलेली रोपे लावावीत, म्हणजे रोगट जमिनीतही पीक निघेल. शेंडा करपून वाळत असेल तर मात्र तो फुलकिड्यांनी पसरवलेला विषाणू असू शकतो, आणि त्यावर मरीचा प्रतिकार उपयोगी पडत नाही.