सोनचाफ्याची पानं पिवळी पडताहेत, मदत हवी आहे

मंडळी, दारचा सोनचाफा वर्षभर आजारी आहे. जमेल ते सगळं करून झालं, बहुतेक नको तेही करून झालं. आता झाडाला पुन्हा हात लावायच्या आधी विचारतेय.

झाड कलमी आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कुडाळहून येताना मांडीवर धरून पुण्याला आणलं. दुसऱ्याच वर्षी फुललं आणि आता पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकलंय. घर धायरीला, माती काळी, ऊन सकाळपासून दुपारी एकपर्यंत. पावसाळ्यात रोज पाच-सात फुलं निघायची. एक देवाला, एक अंबाड्यात, उरलेली शेजारी, असा सासूबाईंचा हिशेब ठरलेला. यंदा जूनपासून मोजून १४ फुलं, तीही बारकी. निम्म्या कळ्या न उमलताच गळतात.

पानांचं म्हणाल तर शेंड्याची कोवळी पानं फिकट पिवळी, जवळजवळ लिंबाच्या सालीच्या रंगाची, पण शिरा हिरव्यागार. खालची जुनी पानं बरीच बरी आहेत, फक्त काहींच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी. दोन फांद्यांच्या देठांवर तपकिरी खवले चिकटलेत, त्यांच्याखालच्या पानांवर काळी काजळी आणि खोडावर मुंग्यांची रांग.

आतापर्यंतचे उपाय: नर्सरीवाला म्हणाला "भूक लागलीय", म्हणून डीएपी हे रासायनिक खत दिलं, दोनदा. मग बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा. मग एकाने सांगितलं म्हणून ताक. पाणी उन्हाळ्यात रोज, बोअरचं.

खत कमी पडतंय, पाणी जास्त होतंय की ही कीड आहे? की झाडाचे दिवस भरले? हे शेवटचं सासूबाईंसमोर बोलायची सोय नाही.

– परसबागी

रानवाटा: आमच्याकडे मालवणात सोनचाफ्याला कुणी काही करत नाही, गळकी पानं बुंध्यात लोटतात एवढंच. पण आमची जांभ्याची माती आंबट, तुमची काळी चुनखडीची. कोकणातलं कलम घाटावर नेलं की असे रुसवे निघतातच. चाफा काढून आंबा लावा म्हणणार होतो, पण सासूबाईंचं वाचलं.

मातीखूण: ताई, सहा वर्षं तर फुललंय, म्हणजे फक्त काळ्या मातीवर ढकलून चालणार नाही. तीन गोष्टी सांगा. गेल्या दोन-तीन वर्षांत घराचं काही काम काढलं होतं का? बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर बसतो का? आणि झाडाचा बुंधा मातीशी येताना पसरतो की विजेच्या खांबासारखा सरळ आत जातो?

परसबागी: थर तर असा बसतो की बादली दर महिन्याला लिंबाने घासावी लागते. काम २०२३ ला काढलं होतं: पार्किंगला फरशी आणि कंपाउंडला प्लास्टर. गवंड्याने झाडाभोवती सुंदर गोल कट्टा बांधून वर लाल माती भरून दिली, आम्ही खूशही झालो. बुंधा... आत्ता बघून आले. खांबासारखाच आहे.

मातीखूण: मग खत आजपासून बंद. तुमच्या वर्णनातलं मुख्य वाक्य "कोवळी पिवळी, शिरा हिरव्या, जुनी बरी" हे आहे. नत्र कमी पडलं असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती. ही लोहाची कमतरता वाटते. लोह मातीत असतंच, पण चुना वाढला की ते मुळांना घेता येत नाही. त्यात स्फुरद (फॉस्फरस) ओतलं की अडचण वाढते, आणि डीएपी, बोनमील दोन्हींत तेच भरपूर. करपलेल्या कडा क्षारांच्या असाव्यात, पाण्याच्या आणि खताच्या.

माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासून घ्या. कट्ट्यातली खोलवरची माती वाळवून तिच्यावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे. दुसरं, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं मीठ) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून कापसाने चार-पाच पिवळ्या पानांच्या फक्त अर्ध्या भागाला लावा, संध्याकाळी. दहा दिवसांनी तेवढाच अर्धा हिरवा झाला तर निदान पक्कं.

खवले म्हणजे खवलेकीड; ती आणि तिच्या चिकट्यावर वाढणारी काजळी हे मागून आलेले पाहुणे. खवले जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, मग लिटरला ५ मिली नीमतेल. खवले गेले की चिकटा थांबेल, मुंग्या आपोआप जातील.

परसबागी: बारा दिवसांनी लिहितेय. व्हिनेगर टाकलं तर माती इनो टाकल्यासारखी फसफसली! पाचपैकी चार पानं अर्धी हिरवी, अर्धी पिवळी, अगदी रेघ मारल्यासारखी. मग रविवारी कट्टा फोडला. लाल माती वरची चार बोटं, खाली नुसता राडारोडा: प्लास्टरचे तुकडे, सिमेंटचा गाळ, विटांचा चुरा. मूळ बुंधा जवळजवळ वीतभर खाली गाडलेला, साल ओलसर आणि मऊ. दोन घमेली काढली आणि लाज वाटून थांबले. आता पुढे काय?

मातीखूण: सगळा राडारोडा काढा, पण कुदळ नको, हातानं आणि खुरप्यानं. चाफ्याची मुळं मांसल असतात, तुटली की लवकर भरत नाहीत. बुंध्याचा पसरट भाग उघडा दिसेपर्यंत माती बाजूला करा, साल वाळू द्या. आच्छादन पालापाचोळ्याचं, खोडापासून वीतभर लांब. आता मातीत हिराकस नको, चुन्यात ती वाया जाते. द्यायचंच तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (चुन्यात अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह) घ्या, ईडीटीए प्रकारचं अशा मातीत टिकत नाही. गच्चीवरून पडणारं पावसाचं पाणी पिंपात धरून तेच घाला.

परसबागी: पिंप आजच आणलं. एकच प्रश्न राहिला: पिवळी पानं काढून टाकू का?

मातीखूण: नको. पिवळं असलं तरी झाडाचं जेवण अजून तीच शिजवताहेत. नवी पालवी कुठल्या रंगाची येते ते बघा आणि इथे फोटो टाका.

रानवाटा: आणि त्या गवंड्याला आमच्याकडे पाठवू नका.