मदत हवी आहे: कॅनडातल्या कॅनॉल रोडवर गेलेल्या ट्रकचा नकाशावरचा ठिपका कालपासून हलत नाहीये

मृणाल_कोथरूड, शनिवार सकाळी ९:०५
कुणी तातडीने सांगू शकेल का? माझा दादा तीन ट्रकांच्या गटाबरोबर कॅनडाच्या उत्तरेकडच्या कॅनॉल रोडवर (आपला कालव्याचा नव्हे) गेलाय. निघताना त्यांनी नकाशाची लिंक दिली होती, त्यावर ठिपका रोज पुढे सरकताना दिसायचा. काल सकाळी आठ-साडेआठपासून तो एकाच जागी आहे. पान पुन्हापुन्हा रिफ्रेश केलं, दुसऱ्या फोनवर उघडलं, तेच. साइट अडकली आहे की गाडी? आईला मी "रेंज नसेल" असं सांगून थोपवून धरलंय, पण हे सॅटेलाइटवालं यंत्र आहे, त्याला रेंज लागत नाही असं दादाच तिला सांगून गेला होता. माहीत असलेल्यांनी कृपया लवकर लिहा.

रानवाट
यंत्र कुठलं? इनरीच की स्पॉट? इनरीच इरिडियमच्या उपग्रहांवर चालतं, ते ध्रुवापर्यंत पोचतात. स्पॉट ग्लोबलस्टारवर चालतं आणि इतक्या उत्तरेला ते दगा देऊ शकतं. शिवाय स्पॉटची काही मॉडेल्स गाडी थांबली की नोंदी पाठवायचंच थांबवतात. नाव कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

थारवाला_सातारा
ताई, घाबरू नका. आम्ही झांस्करला जातो तेव्हा घरच्यांना दोन-दोन दिवस काही कळत नाही. गाडी रुतली असेल. टायरची हवा निम्म्यावर आणली आणि विंच (गाडी ओढून काढायची चरखी) लावली की निघते. त्यांच्याकडे विंच आहे का? टायर कुठले? डिझेल की पेट्रोल?

मृणाल_कोथरूड
इनरीच आहे. एक जुना युनिमॉग ट्रक आणि दोन पिकअप. टायरचं मला माहीत नाही आणि तो माझा प्रश्नही नाही. ठिपका का हलत नाही एवढंच सांगा.

सोनचाफा
कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसासाठी हल्ली बायोमेट्रिक्स लागतात, ते आधी उरकून घ्या. भावाकडे जायचं असेल तर त्याचं आमंत्रणपत्र जोडलेलं बरं.

केदार_व्हाइटहॉर्स
मी इथेच, युकॉनमध्ये राहतो. कॅनॉलचे तीन भाग आहेत आणि तिन्हींची गोष्ट वेगळी. साउथ कॅनॉल म्हणजे अलास्का हायवेवरच्या जॉन्सन्स क्रॉसिंगपासून रॉस रिव्हर गावापर्यंत, साधारण २२० किमी. नॉर्थ कॅनॉल म्हणजे रॉस रिव्हरला पेली नदी फेरीने ओलांडून मॅकमिलन पास खिंडीतल्या युकॉनच्या हद्दीपर्यंत, साधारण २३० किमी. हे दोन्ही उन्हाळ्यात गाडीने होतात. हद्दीपलीकडे नॉर्थवेस्ट टेरिटरीज लागतं. तिथून नॉर्मन वेल्स गावापर्यंत जवळजवळ ३५५ किमी नुसती वाट आहे. देखभाल नाही, पूल कधीच वाहून गेलेत. ठिपका यातल्या कुठल्या भागात आहे?

मृणाल_कोथरूड
६३ उत्तर, १२९ पश्चिम.

केदार_व्हाइटहॉर्स
दशांश चिन्हानंतरचे आकडेही द्या. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किमी. रेखांशाचा अंश तितक्या उत्तरेला आक्रसतो, तरी ५० किमी भरतोच. एवढ्या चौकोनात अख्खी डोंगररांग मावते. आकडे इथे उघड्यावर नकोत, मला व्यनि (खासगी निरोप) करा.

मीना_एडमंटन
मी असते तर आत्ताच आरसीएमपीला, म्हणजे तिथल्या पोलिसांना, फोन केला असता. रॉस रिव्हरला त्यांची चौकी आहे. तो सगळा अस्वलांचा मुलुख आहे. एक दिवस थांबून बघू म्हणण्यात अर्थ नाही.

रानवाट
मीनाताई, हरकत आहे. ठिपका हलत नाही एवढ्यावर शोधपथक निघत नाही आणि निघूही नये.
मृणाल, माझा नेमका प्रश्न: ठिपका हलत नाहीये, की नवा ठिपका येतच नाहीये? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावर शेवटच्या ठिपक्यावर क्लिक करा. छोटी चौकट उघडेल. त्यात वेळ, उंची, वेग असं असतं. ती वेळ कोणती आहे?

मृणाल_कोथरूड
क्लिक केलं. वेळ आत्ताची आहे, अर्धा-पाऊण तासापूर्वीची. वेग ० किमी. झूम केल्यावर एकावर एक पुष्कळ ठिपके दिसतायत, थोडे इकडेतिकडे. लांबून तो एकच दिसत होता.

रानवाट
मग यंत्र जिवंत आहे, चार्ज आहे आणि त्याच्यावर आकाश मोकळं आहे. ट्रक उलटून दरीत पडलेला असता, पाण्यात गेलेला असता, तर एवढ्या नेमाने नोंदी येणं कठीण. इकडेतिकडे पसरलेले ठिपके म्हणजे गाडी ढकलली जातेय असं नाही. एका जागी ठेवलेल्या जीपीएसचे आकडे असे काही मीटर हलतातच. ते मुद्दाम थांबलेत असं मी म्हणेन.

केदार_व्हाइटहॉर्स
सहमत. आता वेळेचं बघा. तुमची कालची सकाळ साडेआठ म्हणजे तिथले त्याच्या आदल्या दिवशी रात्रीचे आठ किंवा नऊ, हद्दीच्या कुठल्या बाजूला आहेत त्यावर. युकॉनने २०२० पासून घड्याळ मागेपुढे करणं बंद केलंय, ते भारतापेक्षा साडेबारा तास मागे. हद्द ओलांडली की एक तासाचा फरक पडतो, तिथे उन्हाळ्यात साडेअकरा तास मागे. म्हणजे गुरुवारी रात्री त्यांनी मुक्काम टाकला आणि शुक्रवारी निघाले नाहीत. पुण्यातून बघताना काल आणि आज असे दोन दिवस वाटतात, पण त्यांचा प्रवासाचा एकच दिवस बुडालाय.
एक राहिलंच. हे यंत्र कुणाचं? दादांच्या खिशात आहे का?

मृणाल_कोथरूड
नाही, गटाचे प्रमुख आहेत त्यांचं. ते पुढच्या युनिमॉगमध्ये असतात. दादा सगळ्यात मागच्या पिकअपमध्ये असतो. त्याने काय फरक पडतो?

मीना_एडमंटन
खूप फरक पडतो! मागची गाडी मागेच राहिली असेल तर तुम्हाला कळणारच नाही.

थारवाला_सातारा
ताफ्यात मागच्याला टाकून पुढे जात नसतात हो. पुढची थांबलीय याचा अर्थच मागच्यासाठी थांबलीय. आमच्या ग्रुपमध्ये नियम आहे, आरशात मागची गाडी दिसली नाही की थांबायचं. जास्त शक्यता पाण्याची. नदी चढली असेल तर पहाटे ओलांडायची. दुपारी ऊन लागून बर्फ वितळतं आणि पाणी वाढतं, सकाळी कमी असतं. लडाखमध्ये हे पक्कं.

केदार_व्हाइटहॉर्स
लडाखचा नियम इथे चालेलच असं नाही. ते हिमनदीचं पाणी, घड्याळाप्रमाणे वाढतं-उतरतं. मॅकेंझी पर्वतातल्या या वाटेवर ऑगस्टमध्ये बहुतेक पाणी पावसाचं. खाली जमीन गोठलेली असते, पाऊस मुरत नाही, सरळ ओढ्यात येतो. त्यामुळे नदी काही तासांत फुगते. पहाट की दुपार याला महत्त्व नाही, पाऊस कधी थांबला याला आहे. थांबल्यावर एखाददोन दिवसांत बऱ्यापैकी उतरते.
मृणालताई, व्यनि मिळाला. ठिपका हद्दीच्या पलीकडे आहे, इंटगा नदीच्या आसपास. तिथे पूल नाही. वाट पाण्यात उतरते आणि पलीकडे वर येते. तेव्हा पाण्यासाठी थांबले असावेत हा थारवाल्यांचा अंदाज बरोबर वाटतो.

थारवाला_सातारा
मग मी काय म्हणत होतो! स्नॉर्कल आहे का विचारा.

रानवाट
स्नॉर्कलने इंजिनात पाणी जायचं थांबतं, गाडी वाहून जायची थांबत नाही. पाण्याचा जोर आणि तळातले सुटे धोंडे हा तिथला धोका. आधी माणूस काठी घेऊन चालत उतरतो. त्याला पलीकडे जाता येत नसेल तर गाडीही घालत नाहीत.

जुनीपाने
थोडं अवांतर, पण हा रस्ता तिथे का आहे ते लिहिल्यावाचून राहवत नाही. १९४२ मध्ये अलास्कावर जपानच्या हल्ल्याची धास्ती होती. अलास्काला समुद्रमार्गे तेल पुरवणं धोक्याचं वाटू लागलं, म्हणून अमेरिकन सैन्याने नॉर्मन वेल्सच्या तेलविहिरींपासून व्हाइटहॉर्सपर्यंत तेलाचा नळ टाकायला घेतला. डोंगर, दलदल, गोठलेली जमीन असं सगळं पार करून काम उरकलं, १९४४ मध्ये तेल व्हाइटहॉर्सच्या रिफायनरीत पोचलं आणि १९४५ मध्ये सगळं बंद! नळ बहुतेक ठिकाणी अवघा चार इंची. पंपिंग स्टेशनं, बराकी, ट्रक होते तिथेच सोडून दिले. नॉर्थ कॅनॉलच्या कडेला ते गंजलेले ट्रक आजही रांगेने उभे दिसतात. टेलिफोनच्या तारा तर नुसत्या जमिनीवर पडून होत्या. मूस आणि कॅरिबूंची शिंगं त्यात अडकून जनावरं मेली, म्हणून पुढे त्या गोळा करण्याचं काम करावं लागलं. तिथल्या लोकांच्या शिकारीच्या वाटांमधून हे सगळं गेलंय आणि त्याचा त्रास त्यांनी भोगलाय, हे या रस्त्याच्या कौतुकात कुणी लिहीत नाही.

मृणाल_कोथरूड
माहितीबद्दल आभार, पण आत्ता मला इतिहास नको आहे. त्या पानावर निरोप पाठवायचं बटण आहे. मी पाठवू का? दर तासाला एक पाठवला तर कुणीतरी वाचेलच ना?

मीना_एडमंटन
पाठवा. उत्तर नाही आलं तर सरळ फोन करा.

रानवाट
एकच पाठवा. १६० अक्षरांत बसवा, रोमन लिपीत लिहा आणि उत्तराची सक्ती वाटेल असं लिहू नका. दर तासाला एक नको. तेच यंत्र ते हवामानाला आणि अडचणीला वापरतात, त्याची बॅटरी आणि प्लॅनमधले निरोप त्यांना लागतील. खरोखर अडचण आली तर एसओएसचं बटण त्यांच्याच हातात आहे. ते दाबलं की चोवीस तास चालणाऱ्या केंद्राला कळतं आणि तिथून स्थानिक पोलिसांना.
त्यापेक्षा महत्त्वाचं विचारतो. निघण्यापूर्वी त्यांनी घरी वेळापत्रक ठेवलं असेल: कुठे जाणार, कधी परतणार, आणि *कोणत्या तारखेपर्यंत काही कळलं नाही तर कुणाला फोन करायचा*. ते कुणाकडे आहे?

मृणाल_कोथरूड
वहिनीकडे असेल. ती कॅलगरीत नर्स आहे, रात्रपाळीला आहे, फोन उचलत नाहीये. व्हॉट्सॅपवर लिहून ठेवलंय.

भ्रमंती
अवांतर: कुणी हे इनरीच भारतात आणायचा विचार करत असेल तर आणू नका. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन आणि असली यंत्रं आपल्याकडे बाळगता येत नाहीत. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना यावरून पोलिसांना तोंड द्यावं लागलं. सामानात दिसलं की स्कॅनरवर अडवतात. दादा सुट्टीत पुण्याला येताना घेऊन येणार असेल तर आधीच सांगा.

थारवाला_सातारा
मग आम्ही स्पितीत काय वापरायचं?

भ्रमंती
वेगळा धागा काढा, लिहितो तिथे.

मृणाल_कोथरूड, दुपारी १:२०
वहिनीचा मेसेज आला! ब्रेकमध्ये होती. दादाचा निरोप तिला कालच आला होता, त्याच यंत्रावरून: "नदीला पाणी खूप. तिन्ही गाड्या एकत्र. वाट बघतोय. नाही उतरलं तर परत." आम्हाला सगळ्यांना नकाशा दिसतोच आहे म्हणून तिने पुढे पाठवला नाही. आणि वेळापत्रकही तिच्याकडे आहे. येत्या गुरुवारी रात्रीपर्यंत रॉस रिव्हरहून फोन आला नाही तर शुक्रवारी सकाळी ती आरसीएमपीला कळवणार, असं त्यांचं ठरलंय. आईला तोच निरोप वाचून दाखवला. "तिन्ही गाड्या एकत्र" हे तिने दोनदा वाचायला लावलं. आता जेवायला बसली आहे.

रानवाट
उत्तम. गुरुवार लिहून ठेवा. त्याआधी ठिपका कितीही वेळ थांबला तरी तो त्यांचा निर्णय आहे. गुरुवार उलटला तर मात्र मीनाताई म्हणतात ते करायचं, आणि तेव्हा एक तासही थांबायचं नाही.

मीना_एडमंटन
हे मला मान्य. पण वहिनींनी निरोप पुढे पाठवायला हवा होता हे मी म्हणणारच. नकाशा बघणाऱ्याच्या जिवाला काय होतं ते गाडीत बसलेल्याला कळत नाही.

केदार_व्हाइटहॉर्स
आणि इथून पुढे नॉर्मन वेल्स गाठण्याचा त्यांचा विचार असेल तर मला तरी तो पटत नाही. इंटगा ही त्यातल्या लहान नद्यांपैकी आहे. पुढे एक्वी, गॉडलिन, आणि मग ट्विट्या. पायी जाणारे लोकही ट्विट्यासाठी फुगवायची होडी पाठीवर घेऊन जातात. ट्रकचं काम नाही. आणि नॉर्मन वेल्सला पोचलात तरी तिथून उन्हाळ्यात बाहेर पडायला रस्ता नाही, बार्ज किंवा विमान. वहिनींना विचारा, ठरलं काय होतं?

मृणाल_कोथरूड
"जाता येईल तितकं जाऊन परत" असं ठरलं होतं म्हणे.

मृणाल_कोथरूड, रात्री ९:४०
ठिपका हलला! वेग ११ किमी दाखवतोय. मागे येतायत, हद्दीकडे. नदी ओलांडली नाही.
आता पुढचं विचारते, म्हणजे उद्या पुन्हा धावपळ नको. परतीच्या वाटेवर अजून कुठे थांबू शकतात? आईला आधीच सांगून ठेवते.

थारवाला_सातारा
शाब्बास! परत फिरायला हिंमत लागते. आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी गाडी घातली असती.

केदार_व्हाइटहॉर्स
हो, दोन जागा. एक, मॅकमिलन पासजवळ. तिथे पाऊस झाला असेल तर नॉर्थ कॅनॉलवर कुठेतरी रस्ता कापला गेला असेल आणि ते तो भरून काढत बसतील. ५११ युकॉन या सरकारी साइटवर रस्त्याची स्थिती दिसते, तिथे "नॉर्थ कॅनॉल" बघत राहा.
दुसरी जागा रॉस रिव्हरच्या अलीकडे, पेलीच्या काठावर. तिथे तारेवर चालणारी फेरी आहे. सकाळी ८ ते १२ आणि दुपारी १ ते ५ अशी चालते. पाचनंतर पोचले तर उत्तर काठावरच मुक्काम करतील, ठिपका रात्रभर नदीला चिकटलेला दिसेल. तो दिसला की समजा, पलीकडे गाव आहे आणि पेट्रोलही. माणसांसाठी झुलता पूल आहे, पण गाड्या फेरीनेच.

मृणाल_कोथरूड
५११ चं पान उघडून ठेवलंय. पेलीचं आईला सांगते.